आळणी दिवसांतली पंगत

कल्याणप्पा मास्तरांच्या घरात मीठ वर्षातून एकदा रजेवर जायचं. राखेच्या बुधवारी सकाळी मास्तर देवळातून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन परतले, की कोट खुंटीला लावायच्या आधी स्वयंपाकघरात शिरत आणि मिठाच्या मडक्याच्या तोंडावर फडकं बांधून आपल्या हातानं गाठ मारत. ती गाठ सुटायची ईस्टरच्या पहाटे. तोवर घरात जे शिजेल ते आळणी.

मिशनवाडीतली बाकीची मंडळीही उपवासकाळ पाळायची. प्रभूनं रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची आठवण म्हणून पुनरुत्थानाच्या सणाआधी माणसानं मन झाडून-सारवून ठेवावं, असं पाळक दरवर्षी सांगत. मग कुणी चहा सोडायचं, कुणी तंबाखू. लग्नकार्यं थांबायची, वेदीवर जांभळं कापड चढायचं, बायका केसांत फुलं माळायच्या नाहीत. रविवार त्या उपवासात मोजत नाहीत, म्हणून रविवारी लोक पोटभर चहा पिऊन घेत. पण रविवारी देव सुट्टी देत असला तरी मास्तर देत नसत.

मीठच का, याची गोष्ट वाडीत सगळ्यांना पाठ होती. मास्तर नवे ख्रिस्ती झाले तेव्हा गोऱ्या पाद्रीसाहेबांनी सांगितलं, या दिवसांत मांस सोडायचं. मास्तर अणदूरच्या लिंगायत घरातले. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नव्हतं, आणि बाप्तिस्म्यानंतरही त्यांची जीभ काही बदलली नव्हती. "साहेब, जे कधी धरलंच नाही ते सोडू कसं?" त्यांनी विचारलं. साहेब निरुत्तर झाले आणि मास्तरांनी मीठ सोडलं. ही गोष्ट सांगताना मास्तर हसत, ऐकणारेही हसत. घरातल्या बायका तेवढ्या हसत नसत, कारण आळणी रांधायचं त्यांना होतं.

सून प्रेमाबाई मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. आईबाप कोण ते तिला माहीत नव्हतं, पण नाताळातल्या मटणाच्या रश्श्याची चव चांगली माहीत होती. ख्रिस्ती घरात लग्न होऊन आली आणि जन्माची माळकरी झाल्यासारखी झाली. "लोक चाळीस दिवस सोडतात, मी जन्माचं सोडलं. स्वर्गात माझी खुर्ची तुमच्या पुढं असंल बघा," असं ती नवऱ्याला चिडवायची. नवरा शमुवेल मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता आणि स्वभावानं गरीब. तो हसून विषय सोडून द्यायचा.

एक गोष्ट मात्र तिला हसण्यावारी नेता आली नव्हती. तीन वर्षांमागं रूथ जन्मली ती ऐन उपवासकाळात. बाळंतिणीला कुठलाच उपास नसतो, असं पाळक म्हणाले. सासूबाई गिरिजाबाईही म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "मडकं एकदा बांधलं की बांधलं." बाजेवर बसून प्रेमाबाईनं आळणी खाल्लं. घास घशाखाली उतरेना, दूध आटलं, मग शेजारच्या सायराबीनं आपली शेळी आणून दारात बांधली. तिचं दूध पिऊन रूथ वाढली. प्रेमाबाईनं राग गिळला, पण तो तिला पचला नाही.

त्या वर्षी उपवासकाळ लागला तोच पळापळीत. निजामाच्या मुलखात उद्या काय होईल याचा नेम राहिला नव्हता. रझाकारांच्या धास्तीनं सरहद्दीजवळची गावं निम्मी ओस पडली होती; लोक बाडबिस्तरा गाडीत टाकून सोलापूरकडे निघून जात. मिशनच्या बंगल्याला मात्र अजून कुणी हात लावला नव्हता. तिथल्या मडमेचा दवाखाना सगळ्यांनाच लागायचा. शमुवेल त्या आठवड्यात औषधं आणायला सोलापूरला अडकला होता आणि घरात मास्तर, दोघी बायका आणि रूथ एवढीच माणसं होती.

शिवरात्र होऊन गेल्यावर एका सकाळी गाडीवान लालमहंमदची धमणी दारात उभी राहिली. गाडीला चारी बाजूंनी पडदा सोडलेला.

"मास्तर, पाहुणे आणलेत," लालमहंमद खाली उडी मारून म्हणाला. "वाटंत दोनदा अडवलं. म्या सांगितलं, माझ्या घरची बायामाणसं हैत, पडद्याला हात लावू नका."

पडदा सारून आधी एक बारा-तेरा वर्षांची मुलगी उतरली आणि तिच्यामागून मास्तरांचे थोरले भाऊ शरणबसप्पा. सत्तरी ओलांडलेले, उंच, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. जन्मभर जे ताठ मानेनं चालले, ते बायकांच्या पडद्याआड बसून आले होते, आणि आपल्याला कुणी हसत नाही ना हे त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघून घेतलं. कुणी हसलं नाही.

मास्तर पुढं झाले. "या अण्णा. आत या."

"हितंच बरं हाय." शरणबसप्पा ओट्याच्या कडेवर टेकले. धाकट्यानं बाप्तिस्मा घेतल्याला चाळीस वर्षं झाली होती. तेवढ्यात ते या ओट्यावर दोनदा येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा पाणीसुद्धा न घेता उठले होते. प्रेमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत आली, तिला ते आठवलं आणि ती तशीच उभी राहिली. हा म्हातारा तिला कधीच आवडला नव्हता.

"बंडप्पा अन् धाकटा, माझी दोगं बी पोरं सोलापूरला गेली," शरणबसप्पा भावाकडे न बघता बोलू लागले. "घरात म्या अन् ही शिवगंगा. बंडप्पाची थोरली, आई न्हाय हिला. परवा आमची कडब्याची गंजी पेटली. कुणी पेटवली ते इचारू नगं, मला बी ठाव न्हाय. आता घरात ऱ्हाण्यात राम न्हाय. पर हिला घिऊन आडवाटंनं सरहद्द गाठायची म्हंजे... लई वंगाळ ऐकतो वाटंवरचं. म्या म्हातारा, एकलाच हाय."

"मग?"

"मग काय. मडमेच्या सावलीला तुमी हाय. समदं निवळंस्तवर हिला हितं ठिवावी म्हणतो."

"ठेवा की अण्णा. इचारायचं काय त्यात? घर तुमचंच हाय."

"माझं असतं तर इचारलं असतं का?" शरणबसप्पा म्हणाले.

शिवगंगा गळ्यातल्या लिंगाच्या करंड्याला हात लावून उभी होती. तिनं हळूच विचारलं, "आज्जा, म्या माझी पूजा कुठं करू मग?"

उत्तर मास्तरांनीच दिलं. "जिथं उजेड येईल तिथं कर पोरी. आमची काय बी हरकत न्हाय."

प्रेमाबाई ऐकत होती. देवळातल्या मंडळीचे वडील म्हणून ज्यांनी नुसत्या तंबाखूवरून लोकांना प्रभुभोजनापासून लांब बसवलं होतं, ते एका श्वासात लिंगपूजेला जागा देऊन मोकळे झाले. परक्यांना ते फार सैल होते. आवळायचे ते फक्त घरच्यांना.

"जेवणाचं बी अवघड न्हाय," मास्तर पुढं म्हणाले. "गिरिजा तिला वेगळी चूल मांडून देईल. तिचं ती शिजवून खाईल. तुमच्या धर्माला बट्टा लागणार न्हाय."

शरणबसप्पांनी मान हलवली.

"न्हाय. येगळी चूल नगं. पोर तुमच्या घरात निजणार, तुमच्या हिरीचं पाणी पिणार. गावाकडं परतलो की लोक म्हणतील, नात बाटली अन् आज्जा शुद्ध ऱ्हायला. तसं न्हाय व्हायचं. पयल्यांदा म्या जेवतो तुमच्यात. बोल लागायचा तर मला लागू दे."

दाराआड गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रेमाबाईच्या मनातलं म्हाताऱ्याबद्दलचं इतक्या वर्षांचं कडवटपण जागच्या जागी हललं. तिला त्यांचा आदर वाटला, आणि तो वाटावा याचं नवलही वाटलं.

"सूनबाई," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "पानं घ्या."

"लवकर घ्या," शरणबसप्पा म्हणाले. "दिस मावळायच्या आत लालमहंमद मला सरहद्दीच्या वढ्यापत्तुर सोडणार हाय. तवर म्या पूजा उरकतो."

*

आत चुलीवर येसर आमटी उकळत होती. वास असा, की शेजारणीनं डोकावून जावं. आणि त्यात मिठाचा कण नव्हता.

"आता काय करायचं गं?" गिरिजाबाईंनी कपाळाला हात लावला. "आळणी वाढायचं त्यांच्या पानात?"

"गोडाचं करावं तर पुरण शिजायला वेळ न्हाय."

"अन् सणावारासारखं गोडधोड कुठं चालतंय तुझ्या सासऱ्याला या दिवसांत?"

"मामंजींना इचारा की आत्याबाई. पाहुण्यापुरतं सोडतील."

"इचारलं तर न्हाय म्हणतील. अन् एकदा न्हाय म्हणले की परत फिरतील व्हय ते? तू वळखत न्हाईस का त्यांना?"

प्रेमाबाई ओळखत होती. तिनं बाहेर नजर टाकली. ओट्याच्या कोपऱ्यात शरणबसप्पा डाव्या तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटून बसले होते, शेजारी नात तशीच बसली होती. म्हाताऱ्याचा स्वभाव तिला ऐकून ठाऊक होता. एकदा पानावरून उठला की तो मुलीचा हात धरून सरळ वाट धरणार. वाटेवर काय काय घडत होतं ते दवाखान्यात येणाऱ्या बायका सांगत, आणि सांगताना आवाज उतरवत.

"आत्याबाई, ते पहिल्या घासाला उठले तर पोर गेली बघा."

गिरिजाबाईंनी परातीत पीठ ओढलं. "मी भाकऱ्या थापती," त्या म्हणाल्या. "माझी पाठ मडक्याकडं हाय. मला काय बी दिसत न्हाय."

मास्तरांची गाठ पक्की होती. बोटांनी सुटेना, तेव्हा प्रेमाबाईनं ती दातांनी सोडवली. एका पितळी पातेल्यात पाहुण्यांपुरती आमटी काढून तिनं त्यात मीठ घातलं आणि ढवळलं. मोठ्या पातेल्यातली घरची आमटी आळणीच ठेवली. मास्तरांचा नियम राहील, पाहुण्याचं तोंड राहील, पोरगीही राहील, असा तिचा विचार. आपण फार शहाणपणा केला असं तिला वाटलं.

माजघरात तीन पानं मांडली होती. मास्तरांनी डोळे मिटून आशीर्वाद मागितला. शरणबसप्पांनी तो संपेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, "झालं का तुजं? मग घ्या." प्रेमाबाईनं पितळी पातेल्यातून त्यांना आणि शिवगंगेला वाढलं. मग ती आत गेली, मोठं पातेलं घेऊन आली आणि मास्तरांच्या वाटीत आमटी ओतली.

शरणबसप्पांनी भाकरी मोडली होती. त्यांचा हात तिथंच थांबला.

"सूनबाई, त्या भांड्यात काय हाय?"

"आमटी हाय, थोरले मामंजी."

"अन् आमच्या भांड्यात?"

"आमटीच."

"मग भांडी दोन का?"

दोन भांड्यांचा असाही अर्थ होतो, हे बोर्डिंगात एका पातेल्यातून शंभर पोरींसोबत जेवलेल्या प्रेमाबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. शरणबसप्पांना मात्र पंगतभेद कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी जन्मभर तो केला होता.

"चाळीस वर्सं तुमच्या हातचं पानी प्यालो न्हाय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यानं ते जास्तच लागत होतं. "माझा गर्व म्हणा, धरम म्हणा. आज समदं गिळून पानावर बसलो, तर तुमी माझीच पंगत येगळी केली? मास्तराचं भांडं माझ्यानं बाटतंय व्हय? ऊठ शिवगंगे."

ते उठलेच. मुलगी घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तर गोंधळून सुनेकडे बघत होते. त्यांनाही दोन भांड्यांचा उलगडा होत नव्हता.

"मीठ हाय त्यात!" प्रेमाबाईच्या तोंडून निघून गेलं. "तुमच्यात मीठ घातलंय. मामंजींच्यात न्हाय. एवढंच हाय, दुसरं काय बी न्हाय!"

"मडकं उघडलं?" मास्तर म्हणाले.

"उघडलं. मी उघडलं."

"मी बी हुते तिथं," चुलीपासून गिरिजाबाईंचा आवाज आला. सबंध संसारात नवऱ्याविरुद्ध त्यांनी एवढं मोठं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं.

शरणबसप्पांना काही कळेना. "मीठ न्हाय म्हंजे? तुला डाक्टरनं बंद केलंय का?"

"न्हाय अण्णा. आमचा उपवासकाळ चाललाय. ईस्टरपत्तुर आमी मीठ सोडतो. समदं घर सोडतं."

"समदे किरिस्ताव सोडतात?"

"न्हाय. ते मांस सोडतात. आपल्यात ते न्हाई, म्हणून पाद्रीसाहेबांना मी म्हणलं, जे धरलंच न्हाई..."

मास्तर गोष्ट सांगू लागले आणि मध्येच थांबले. ऐकणारा हसत नव्हता. शरणबसप्पा उभ्याउभ्या त्यांच्याकडे रोखून बघत होते.

"दूध हुतं, तूप हुतं, गूळ हुता," ते म्हणाले. "मीठच का सोडलंस कल्याणा?"

मास्तरांनी पानाकडे पाहिलं.

"अव्वानं सोडलं हुतं म्हणून," ते म्हणाले.

"तुला कुणी सांगितलं?"

"बांगड्या भरायला यायची ती बानूबाई. मी बाप्तिस्मा घेतला त्याच पावसाळ्यात आली हुती हिकडं. म्हणाली, तुझ्या आईनं मीठ सोडलंय. ल्योक माझ्या ताटात जेवंस्तवर शिवणार न्हाय म्हणती. ऐकल्याबरोबर मी अणदूरला आलो अण्णा. तुमी दारात उभे हुता."

"हुतो," शरणबसप्पा म्हणाले. "आमच्यात मेल्याचं बी सुतक धरत न्हाईत. म्या जित्या भावाचं धरलं. अव्वा मानमोडीच्या साथीत गेली, तवर आळणीच खात हुती. म्या रोज बगत हुतो समोर बसून. तुला उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाय ह्यो माझा नेम. मीठ खायचं न्हाय ह्यो तिचा. दोगं बी नेमाचे पक्के. मधल्यामधी म्हातारी गेली."

प्रेमाबाई पातेलं हातात धरून उभी होती. मटणाची ती गोष्ट तिनं इतक्या वेळा ऐकली होती, की त्यामागं काही असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. गिरिजाबाई मात्र दारात येऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवल दिसत नव्हतं. त्यांना माहीत होतं. प्रेमाबाईला सासऱ्याची कीव आली. लगेच रागही आला. आपल्या आईची भरपाई या माणसानं माझ्या बाळंतपणात माझ्याकडून करून घेतली, असं तिला वाटलं, आणि तो राग कीवेच्या बरोबरीनं उभा राहिला.

"आता ऐक," शरणबसप्पा म्हणाले. ते अजून बसले नव्हते. "येका आमटीची दोन भांडी म्या मानत न्हाय. जेवायचं तर दोगांनी एक जेवायचं."

मास्तरांनी मान वर केली. "मग तुमी बी आळणी घ्या अण्णा. एका दिवसाचा प्रश्न हाय."

"न्हाय. आळणी लई झालं. अव्वानं खाल्लं तेवढं पुरं झालं. मीठ खा माझ्यासंगं."

"अण्णा, मी मंडळीचा वडील हाय. देवापुढं शब्द दिलाय. लोकांना मी शिकवतो..."

"म्या बी शिकवीत हुतो लोकांस्नी." शरणबसप्पांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला. "नेम माणसापरीस मोठा असलेल्या घरातच ठिवायचं, तर माझं घर काय वाईट हुतं? तितं निदान हिची आई निजायची ती खोली तरी हाय. चल पोरी."

शिवगंगेनं घास पानात ठेवला. तिला भूक लागली होती, हे सगळ्यांना दिसत होतं. दारात लालमहंमद बैलांना पाणी दाखवत होता. त्याच्या हाकारण्याचा आवाज आत येत होता.

मास्तर पानावरच्या वाटीकडे बघत बसले. त्यांना काय दिसत असेल याचा प्रेमाबाईला अंदाज होता. रविवारी मंडळीसमोर उभं राहून सांगावं लागेल. ज्यांना त्यांनी बाकावर मागं बसवलं होतं, ते सगळे पुढं वाकून ऐकतील. तो माणूस चूक कबूल करण्यापेक्षा उपाशी राहणं पसंत करणारा होता. तो नाही म्हणेल, असंच तिला वाटलं, आणि तिनं मनातल्या मनात मुलीचा हात धरून ठेवण्याची तयारी केली.

मास्तरांनी आपली वाटी बाजूला सारली.

"सूनबाई, हे उचल," ते म्हणाले. "अण्णांच्या भांड्यातलं वाढ मला."

तिनं वाढलं. मास्तरांनी भाकरी बुडवून घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. शरणबसप्पा तो घास गिळला जाईपर्यंत उभे राहिले. मग खाली बसले आणि नातीला म्हणाले, "जेव."

दोघा म्हाताऱ्यांनी माना खाली घालून भाकरी संपवली, शरणबसप्पांनी दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली. हात धुताना ते प्रेमाबाईला म्हणाले, "चांगली झाली हुती. अव्वाच्या हातासारखी न्हाय, पर चांगली."

निघताना त्यांनी विभूतीचा खडा नातीच्या हातात दिला. "रोज लाव. इसरू नगं."

"आमी बी लावतो की राख," मास्तर म्हणाले. "वर्षातनं एकदा."

"मग बाकीचं वरीस काय करता?" शरणबसप्पांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता धमणीत चढले. लालमहंमदनं पडदा सोडला. धमणी वळणाआड जाईपर्यंत मास्तर रस्त्यात उभे होते. मुलगी रडली, मग रूथनं तिला शेळीचं करडू दाखवायला ओढून नेलं.

*

दिवेलागणीला प्रेमाबाई भाकऱ्या थापत होती. गिरिजाबाई लसूण सोलत होत्या. मास्तर दारात येऊन उभे राहिले.

"मडकं बांधून टाक सूनबाई," ते म्हणाले. "झालं ते झालं. ईस्टरला अजून अवकाश हाय."

प्रेमाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. आपण गप्प बसावं असं तिला एकदा वाटलं. पण इतकी वर्षं गप्प बसून काय झालं होतं ते तिला माहीत होतं.

"मी न्हाय बांधणार, मामंजी."

गिरिजाबाईंचा हात थांबला.

"पोरगी मिठाचं जेवंल. तिला आपला नेम कशाला? बाकी ज्याचं त्यानं बघावं. पर माझ्या हातानं मडकं बांधायचं न्हाय." तिनं तवा उतरवला आणि पहिल्यांदाच सासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलली. "रूथच्या वेळी मी बाजेवर हुते. पाळक म्हणले, आत्याबाई म्हणल्या. तुमी म्हणालात, मडकं एकदा बांधलं की बांधलं. माझं दूध आटलं. परक्याच्या शेळीवर पोर वाढली. आज भावासाठी तुमी मीठ खाल्लं. चांगलं केलं. पोर वाचली. पर मग सुटत हुतं की ते."

मास्तरांनी तोंड उघडलं. या वेळी एखादं वचन येईल, असं दोघी बायकांना वाटलं. मास्तरांकडे प्रत्येक प्रसंगाला वचन असायचं.

"अव्वाचं..." ते म्हणाले.

"अव्वाचं मला आज कळलं. तवा कळलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येत न्हाय. कदाचित आपण हून खाल्लं असतं आळणी. पर तुमी ते सांगितलं न्हाईत. तुमी मटणाची गोष्ट सांगितलीत."

मास्तर उंबऱ्यावर बसले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्यांना बसलेलं गिरिजाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. दर उपवासकाळात मास्तर मंडळीसोबत गुडघे टेकून 'आम्ही पापी आहोत' असं मोठ्यानं म्हणत, आणि त्या 'आम्ही'मध्ये त्यांना स्वतःला शोधायची वेळ कधी आली नव्हती. ते हातांकडे बघत राहिले. बाहेर मुली करडाला पळवत होत्या.

"चुकलं माझं," ते पुटपुटले. मग मान वर करून पुन्हा म्हणाले, नीट ऐकू जाईल असं. "प्रेमा, तुझ्या बाळंतपणात मी चुकलो. मला माफ कर."

त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती कधी. हे शब्द ऐकायची तिची तीन वर्षांची इच्छा होती. ऐकल्यावर काय म्हणायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर तिला आठवेना. डोळे भरून आले. राग मात्र गेला नाही, आणि तो गेला असं खोटं सांगणं तिच्या जिवावर आलं. गिरिजाबाई तिच्याकडे बघत होत्या. म्हण की आता, असं त्यांची नजर सांगत होती.

"लगीच न्हाय म्हणता येणार, मामंजी," प्रेमाबाई म्हणाली. "ईस्टरपत्तुर वेळ द्या मला."

मास्तरांनी थोडा वेळ विचार केला.

"बरं," ते म्हणाले.